अडचण आली तर घर विकू, या भरवशावर दुसरं घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघंही कमावते आहात, वय चाळिशीच्या आसपास. राहत्या घराचं निम्मं कर्ज अजून फिटायचंय. भाड्याने देण्यासाठी दुसरं घर पाहिलंय, आवडलंय, आणि ते घ्यायचं तर साठवलेल्या पैशांतले दहापैकी नऊ भाग त्यात जातील. वडिलांना हृदयविकार, आईला मधुमेह. आरोग्य विमा आहे तो नोकरीतून मिळालेला, तेवढाच. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "अगदीच वेळ आली तर घर विकता येईल, तोवर भाडं येतच राहील, मग हरकत काय?"

माझी हरकत त्या शेवटच्या वाक्याला आहे. घराला नाही, घर चांगलंही असेल. मी बावीस वर्षं कुटुंबांच्या पैशाचं नियोजन करते आणि अशा भरवशावर केलेल्या पुष्कळ खरेद्या जवळून पाहिल्यात. बऱ्याचशा नीट पार पडल्या, कारण हप्त्यांच्या पहिल्या काही वर्षांत त्या घरांत कुणी गंभीर आजारी पडलं नाही. ज्यांच्याकडे पडलं त्यांतलं एक घर मला आजही आठवतं.

नवरा-बायको, दोन मुलं, दोन घरं. दुसऱ्या घरावर मोठं कर्ज. नवऱ्याला पन्नाशीच्या आत मेंदूत रक्तस्राव झाला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मांडीवर फाइल घेऊन बसली होती. फाइलीत खरेदीखत होतं, कर्जाचं मंजुरीपत्र होतं, भाडेकरार होता, सगळं तारीखवार लावलेलं. रोकड किती म्हणून विचारलं, तर दोघांच्या खात्यांत मिळून एका महिन्याच्या हप्त्यांपुरती. घर विकायचं ठरलं. पण घर एकट्या नवऱ्याच्या नावावर, आणि तो सही करण्याच्या अवस्थेत नव्हता. मुखत्यारपत्र कधी केलेलंच नव्हतं. न्यायालयातून परवानगी यायला पाच महिने लागले. मग एक ग्राहक आला. घरात काय चाललंय हे मध्यस्थाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्याने भाव त्या हिशेबानेच पाडून मागितला. भाडेकरूला घर सोडायला दोन महिन्यांची मुदत करारानेच मिळालेली होती. पैसे हातात पडले तेव्हा नववा महिना उजाडला होता. रुग्णालयाचं मोठं बिल नातेवाइकांकडून उसनं घेऊन दुसऱ्या महिन्यातच भरून झालं होतं, आणि त्या उसनवारीने नात्यांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

या हकिगतीत कुणी मूर्खपणा केलेला नाही, म्हणून ती सांगितली. कागद नीट होते, घर चांगल्या जागी होतं, हप्ता एकदाही चुकला नव्हता. फक्त रुग्णालय पैसे मागतं ते दिवसांच्या हिशेबाने आणि घराचे पैसे होतात महिन्यांच्या हिशेबाने. ग्राहक शोधायचा, त्याच्या वकिलाने कागद तपासायचे, त्याचं कर्ज मंजूर व्हायचं, तुमच्या बँकेचा बोजा उतरवायचा, मग खरेदीखत. सगळं सुरळीत झालं तरी दोन-तीन महिने सहज जातात.

आणि घाईची विक्री महागात पडते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वीस वर्षांच्या घरविक्रीचा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. कर्ज थकल्यामुळे जप्त होऊन विकलेली घरं सरासरी २७ टक्के कमी किमतीला गेली, असं त्यात दिसलं. मालकाच्या मृत्यूच्या किंवा दिवाळखोरीच्या आसपास विकल्या गेलेल्या घरांनाही कमी भाव मिळाला होता, जप्तीइतका नाही, पण कमीच. तुमचं घर जप्तीपर्यंत जाईल असं मी म्हणत नाही. पण विकणाऱ्याला घाई आहे हे घेणाऱ्याला कळलं की भाव करण्याची ताकद त्याच्याकडे जाते, आणि हे कुठल्याही बाजारात तसंच होतं.

आता आकडे मांडू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. घराची किंमत १०० धरू. तुम्ही २५ पदरचे घातले, नोंदणी, मुद्रांक, मध्यस्थ, किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी ६. किमतीतले उरलेले ७५ कर्ज, ८ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी. वर्षाचा हप्ता साधारण साडेसात होतो. भाडं वर्षाला ४ येतं असं समजा. त्यातून एक महिना घर रिकामं, कर, देखभाल, विमा वजा केलं की हातात पावणेतीन-तीनच्या मध्ये काहीतरी उरतं. म्हणजे दर वर्षी सुमारे ४.७ तुमच्या पगारातून जातात. पाच वर्षांत साडेतेवीस.

पाच वर्षांनी कर्ज किती उरलं असेल? बहुतेक जण म्हणतात, "पाऊण हप्ते बाकी, म्हणजे पाऊण कर्ज." तसं होत नाही. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो. ७५ पैकी साडेपासष्ट अजून शिल्लक असतात, म्हणजे मुद्दल फिटलं जेमतेम साडेनऊ. या टप्प्यावर आजारपण आलं आणि भाव पाच वर्षांत हलला नसेल, तर घाईत ९० ला विकून, ३ खर्च करून, कर्ज फेडून हातात पडतात सुमारे २१. तुमचे गेलेले असतात साडेचोपन्न (२५, ६ आणि साडेतेवीस मिळून). भाव दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढला असं धरलं आणि घाईची सूट तीच ठेवली, तरी ३५ च्या आसपास मिळतात. तुमच्याकडचा व्याजदर, भाडं, खर्च वेगळे असतील. हीच मांडणी तुमच्या आकड्यांनी करा आणि पाचव्या वर्षी विकावं लागलं तर काय, हे बघा. विसाव्या वर्षाचं चित्र सगळेच विकणारे दाखवतात.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. "आरोग्याचा खर्च" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बिल येतं. जागतिक आरोग्य संघटनाही बरीच वर्षं कुटुंबाच्या एकूण खर्चातला १० टक्क्यांहून मोठा वाटा खिशातून उपचारांवर गेला तर त्याला संकट आणणारा खर्च मानत आली, तेही बिलाच्याच बाजूने. पण कमावत्या माणसाचं आजारपण कमाईवरही घाव घालतं. अमेरिकेत रुग्णालयात दाखल झालेल्या लोकांचा मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. विमा असलेल्या, निवृत्तीच्या वयाला न पोहोचलेल्या प्रौढांमध्ये, खिशातून गेलेल्या औषधोपचाराच्या खर्चाच्या मानाने कमाईतली घट भारी होती, आणि ती पुढची काही वर्षं टिकून राहिली. त्यांची कर्ज मिळवण्याची क्षमताही घटली. माझा अनुभव याला धरूनच आहे. बिलाचं काहीतरी जमतं. अर्ध्या पगाराची रजा, मग बिनपगारी रजा, मग हलकं काम आणि कमी पगार, यात दोन घरांचे हप्ते जिरत नाहीत. आजारी पालक असतील तर त्यांच्याबरोबर राहायला मुलगा किंवा सून रजा घेते, तीही कमाईतलीच घट आहे आणि ती सहसा कुठल्याच विम्यात भरून मिळत नाही.

मग भाडं? भाडं येतं, पण आपोआप येत नाही. नळ गळतो, भाडेकरू बदलतो, सोसायटीची नोटीस येते, आणि हे सगळं बघणारा माणूसच अंथरुणाला खिळलेला असतो. घराचे दोन महिने रिकामे जाण्याची शक्यता नेमकी अशा वर्षी वाढते. आणि भाडेकरूची अनामत ही तुमची रोकड नाही. ती वेगळ्या खात्यात ठेवा. आजारपणात ती वापरून टाकलेल्यांना भाडेकरू सोडून जाताना दुसरा धक्का बसलेला मी पाहिलाय.

"घरावर कर्ज काढू," हा उपाय बरेच जण सांगतात. कर्ज देणारा घर बघतो तशी मिळकतही बघतो. मिळकत थांबलेल्या माणसाला तो आडवेतिडवे प्रश्न विचारणार. आधीच मंजूर करून ठेवलेली, लागेल तेव्हा उचलता येणारी कर्जमर्यादासुद्धा कायमची नसते. २००८ च्या मंदीत अमेरिकेतल्या बँकांनी घरावर दिलेल्या अशा कितीतरी मर्यादा गोठवल्या किंवा कमी केल्या, आणि २०२० मध्ये काही मोठ्या बँकांनी नवे अर्ज घेणंच थांबवलं. अशी सोय जोडीला असू द्या, पण मुख्य आधार म्हणून धरू नका.

तर मग किती पैसे बाजूला हवेत? "सहा महिन्यांचा खर्च" हा सरसकट सांगितला जाणारा नियम कर्ज नसलेल्या पगारदाराला पुरतो. तुम्हाला पुरणार नाही. मी असा हिशेब धरायला सांगते: घरखर्च, दोन्ही घरांचे हप्ते, सगळे विमा हप्ते, पालकांची औषधं यांची महिन्याची बेरीज करा. भाडं शून्य धरा. दोघांपैकी मोठा पगार शून्य धरा. लहान पगार त्यातून वजा केल्यावर जी तूट येते तिला बाराने गुणा. यात एका वर्षाची वैद्यकीय रक्कम वेगळी मिळवा, म्हणजे विम्याने न भरलेला भाग, आपल्याला सोसावी लागणारी वजावट, आणि विमाच नसलेल्या माणसाच्या एका मोठ्या उपचाराचा अंदाज. त्यावर भाड्याच्या घराच्या दुरुस्तीसाठी वर्षभराच्या भाड्याचा चौथा हिस्सा. ही बेरीज मोठी येते. आली की लोक माझ्याकडे नाराजीने बघतात. पण दुसरं घर घेण्याची खरी किंमत तीच आहे, ती जाहिरातीत लिहिलेली नसते एवढंच.

हा पैसा कुठे ठेवायचा, याचं उत्तर सोपं आहे: दोन-तीन दिवसांत हाती येईल आणि मूळ रक्कम घटणार नाही अशा ठिकाणी, दोघांपैकी कुणालाही एकट्याच्या सहीने काढता येईल अशा खात्यात. व्याज कमी मिळतं, मिळू द्या.

विम्याकडे नीट बघा. नोकरीतला विमा नोकरीबरोबर जातो, आणि दीर्घ आजारात नोकरीच धोक्यात असते. म्हणून स्वतःचा वेगळा आरोग्य विमा घ्या, आणि तब्येत ठणठणीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षा काळ असतो, तोवर त्यांची भरपाई मिळत नाही. मोठ्या रकमेचा विमा परवडत नसेल तर लहान मूळ विमा आणि त्यावर मोठा टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च भरणारा विमा, घेतला की हप्ता आटोक्यात राहतो. खोलीभाड्यावर मर्यादा आहे का, हे आवर्जून वाचा. काही पॉलिसींत मर्यादेबाहेरची खोली घेतली की डॉक्टरांच्या फीपासून शस्त्रक्रियेपर्यंत बऱ्याचशा भरपाईला त्याच प्रमाणात कात्री लागते, आणि हे माणसाला घरी सोडताना काउंटरवर कळतं.

याच ओघात एक गैरसमज. कर्ज घेताना बँक जो विमा गळ्यात मारते तो बहुधा कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा असतो. आजारपणात हप्ता भरणारा नसतो. "आमच्या कर्जाला विमा आहे," असं मला कुणी सांगितलं की मी कागद मागवते आणि 'अपंगत्व' व 'गंभीर आजार' हे शब्द त्यात शोधते. सापडत नाहीत. तुमच्यावर दोन कर्जं असणार असतील तर गंभीर आजाराचं निदान होताच एकरकमी पैसे देणारा विमा आणि कमाई थांबली तर मासिक रक्कम देणारा विमा, दोन्हींची चौकशी खरेदीच्या आधी करा.

आणि कागद. घर दोघांच्या नावावर घ्या. अर्थात नावं दोन असली तरी विकताना दोन्ही सह्या लागतातच, त्यामुळे मुखत्यारपत्राचा प्रश्न सुटत नाही. अनेक देशांच्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याचं भान हरपलं की संपतं. म्हणजे जेव्हा लागतं तेव्हाच निरुपयोगी. तुमच्या कायद्यात अशा वेळीही टिकणारी काय सोय आहे, हे वकिलाला एका बैठकीत विचारून घ्या. बाकावर बसलेल्या त्या बाईंचे पाच महिने एवढ्या एका कागदापायी गेले होते.

घराच्या विरोधात मी आहे असं वाटू देऊ नका. माझ्याकडेच सल्ल्याला येणाऱ्या एक बाई एका छोट्या गाळ्याच्या मालकीण आहेत. कर्ज कधीच फिटलेलं, भाडं लहानसं पण नियमित. कर्करोगाच्या उपचारांच्या दीड वर्षात त्या भाड्याने विम्याचे हप्ते आणि घरखर्चाचा मोठा वाटा उचलला. गाळा विकायचा विचारसुद्धा करावा लागला नाही. कर्जमुक्त आणि भाडं देणारी मालमत्ता आजारपणात खरोखर हात देते. कर्जात बुडालेली आणि बचत रिकामी करून घेतलेली मालमत्ता तोच हात खेचून घेते. वीट तीच असते, फरक कर्जाचा आणि शिल्लक रोकडीचा असतो.

मालमत्तेतच गुंतवायचं असेल पण अडकून पडायचं नसेल, तर शेअर बाजारात नोंदलेले रिट्स, म्हणजे अनेकांच्या पैशांतून इमारती घेऊन त्यांचं भाडं वाटणाऱ्या संस्थांचे हिस्से, हा एक मार्ग आहे. लहान रकमेत घेता येतात, काही दिवसांत विकता येतात. पण तेही राखीव निधीची जागा घेणार नाहीत: २००८ मध्ये अमेरिकेतल्या रिट्सच्या प्रमुख निर्देशांकाने एका वर्षात ३७ टक्क्यांहून जास्त आपटी खाल्ली होती. आणि रोज पैसे परत देण्याचं वचन देणारे, थेट इमारती घेणारे फंड वेगळे, त्यांची रिट्सशी गल्लत करू नका. ब्रिटनमध्ये जुलै २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याच्या, मतदानानंतर आणि पुन्हा मार्च २०२० मध्ये अशा बऱ्याच फंडांनी पैसे काढणंच बंद केलं. फंडाच्या इमारतीसुद्धा रातोरात विकल्या जात नाहीत.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच घर घेऊन बसलं असेल आणि घरात आजारपण आलं असेल, तर पहिला फोन कर्ज देणाऱ्याला करा, हप्ता चुकण्याआधी. मुदत वाढवणं, काही महिने फक्त व्याज भरणं, अशा गोष्टींची बोलणी चुकायच्या आधी सोपी असतात. रुग्णालयाकडे तपशीलवार बिल मागा, ओळ न् ओळ वाचा, हप्ते पाडून मागा. क्रेडिट कार्डावर मोठं बिल टाकून किमान रक्कम भरत राहू नका, ते व्याज घरकर्जाच्या कैकपट असतं. आणि विकावं लागेल असं मनाला वाटायला लागलं की त्याच आठवड्यात किंमत काढून घ्या. तीन महिने हातात असताना विकणाऱ्याला आणि तीन आठवडे हातात असताना विकणाऱ्याला मिळणाऱ्या भावात फार अंतर पडतं.

आता तुमचं. हे घर, या रकमेत, आत्ता घेऊ नका. बचतीतले दहापैकी नऊ भाग जात असतील तर वर सांगितलेली बेरीज तुमच्याकडे उरतच नाही, आणि दोन आजारी पालकांच्या घरात ती उरायलाच हवी. त्यापेक्षा पुढचं दीड-दोन वर्ष असं वापरा: पहिल्या महिन्यात दोघांचा स्वतंत्र आरोग्य विमा, त्याच महिन्यात पालकांसाठी मिळेल त्या अटींवर विम्याची चौकशी, नाहीच मिळाला तर त्यांच्या नावाने वेगळं खातं उघडून दरमहा ठरावीक रक्कम. मग दुसऱ्या घराचा जो हप्ता भरायची तयारी होती तेवढे पैसे दर महिन्याला या राखीव निधीत टाका. निधी भरला की घराकडे परत वळा, शक्यतो लहान घराकडे, आणि किमतीच्या निम्म्याहून जास्त कर्ज काढू नका. त्या काळात हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकणं तुम्हाला जड गेलं, तर ते खरा हप्ता सुरू होण्याआधी कळलेलं बरं.

विसार अजून दिलेला नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मध्यस्थ "उद्यापर्यंतच हा भाव" म्हणत असेल तर त्याला नाही म्हणा. आणि वडिलांच्या शेवटच्या तपासणीची कागदपत्रं व नोकरीतल्या विम्याची प्रत या रविवारी एकत्र काढून बसा. पालकांचा त्यात समावेश आहे की नाही, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि माझ्या सल्ल्यातली राखीव रक्कम त्या एका ओळीवर बरीच बदलेल.